बाटली घेऊन या

ताईबाईंनी एका हाताने सुनेला सावरलं होतं आणि दुसऱ्या हातात पिशवी होती. पिशवीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, फवारणीच्या औषधाची बाटली होती. रिक्षातून उतरताच त्यांनी आधी बाटली पुढे केली, मग सून.

"बाटली लई उनू, ताई. आशाताईनी सांगेल व्हतं."

पारोळा तालुक्यातल्या त्या ग्रामीण रुग्णालयात डॉ. समीक्षा बैसाणे वैद्यकीय अधिकारी आहेत. ऑगस्टमधली दुपार होती, कपाशी पात्या-फुलांवर आलेली, आणि विषबाधेचे रुग्ण वाढण्याचे तेच दिवस. बाटली पाहून त्या क्षणी आपल्याला बरं वाटलं होतं, असं त्या सांगतात. गावोगावच्या आशा सेविकांच्या बैठकीत तीन हंगाम त्यांनी एकच गोष्ट घोकवून घेतली होती: कुणाच्या पोटात, अंगावर काही गेलं तर माणसाबरोबर बाटलीही घेऊन या. फेकू नका, पुरू नका, पोलिसांना घाबरून विहिरीत टाकू नका. आणि आता साठीची, अक्षरओळख नसलेली एक बाई ती गोष्ट तंतोतंत पाळून दारात उभी होती.

बाटलीवरचं लेबल शाबूत होतं. कपाशीवरच्या अळीचं नेहमीचं कीटकनाशक, आपल्याकडे या हंगामात ज्याने सर्वांत जास्त माणसं दवाखान्यात येतात त्या कुळातलं. उतारा ठरलेला. रुग्णालयात त्याचा साठाही होता. डॉक्टरांनी सिस्टर सुनंदाबाईंना अ‍ॅट्रोपिन काढायला सांगितलं.

इथे थोडं मागे जायला हवं. बाटलीचा हा आग्रह कुठून आला ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

समीक्षा बैसाणे धुळ्याच्या. वडील चिंधा बैसाणे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. घरात बोली अहिराणी, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरी, आणि अभ्यासाच्या वेळेत कुणी दार वाजवलं तर आई द्रौपदाबाई बाहेरूनच परत पाठवायच्या. चिंधा बैसाणेंना वर्कशॉपमधले लोक 'चिंधा वकील' म्हणत. बिघडलेली गाडी आली की ते बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरला बाजूला बसवत आणि त्याची उलटतपासणी घेत. आवाज चढाला येतो की उताराला? गाडी गार असताना येतो का? काल कुणी हात लावला होता का? ड्रायव्हर वैतागत. लहानपणी डबा द्यायला गेल्यावर समीक्षाने हे बरेचदा पाहिलं होतं आणि तिला त्याची लाज वाटे. इतर मेकॅनिक नुसतं ऐकून बिघाड सांगत, आपल्या वडिलांना मात्र विचारावं लागतं.

डॉक्टर झाल्यावर पहिली नेमणूक चाळीसगावकडच्या एका आरोग्य केंद्रात मिळाली. तिथल्या पहिल्याच महिन्यात त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णासाठी एका वरिष्ठांना फोन केला. उत्तर मिळालं, पण त्याआधी एक वाक्य मिळालं, "पुस्तकं रद्दीत घातली का, मॅडम?" फोन स्पीकरवर होता, आजूबाजूचे हसले. त्याही हसल्या. त्यानंतर बराच काळ त्यांनी कुणालाही फोन केला नाही.

त्या काळात पुना नावाचा वीटभट्टीवरचा एक तरुण आला. उंदराचं औषध खाल्लं होतं. कोणतं, ते घरच्यांना सांगता येईना. उंदराचं म्हणजे उंदराचं. उलट्या थांबल्या, दुसऱ्या दिवशी त्याने भाकरी मागितली, तिसऱ्या दिवशी तो चालत घरी गेला. आठवड्याच्या शेवटी मोठ्या रुग्णालयात त्याचं यकृत बंद पडून तो गेला. उंदीर मारायच्या एका प्रकारच्या मलमाचं हेच वागणं असतं, मधले दोन-तीन दिवस ते माणसाला बरं भासवतं. मलमाची नळी नंतर छपराच्या वाशात खोचलेली सापडली.

"नळी बघितली असती आणि कुणाला विचारलं असतं, तरी तो वाचलाच असता असं मी म्हणणार नाही," समीक्षा सांगतात. "पण मी त्याला घरी पाठवलं नसतं."

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक, बाटली किंवा नळी आणण्याचा आग्रह. दुसरी, दिल्लीचा फोन नंबर. तिथे विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे. कुठल्याही गावातला डॉक्टर फोन करू शकतो, पलीकडे या विषयातला जाणकार असतो, कोणत्या विषाचा काय उतारा, किती द्यायचा, कशाची वाट बघायची ते सांगतो. नंबर पुष्कळ डॉक्टरांकडे असतो, लावणारे थोडे. जळगाव-धुळ्याच्या खेड्यापाड्यांत डॉक्टरांचा पहिला फोन ओळखीच्या सरांना जातो. दुसरा जातो कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला, कारण नावं कंपनीगणिक बदलतात आणि या नावाच्या आत नेमकं काय असतं ते त्याला विचारावं लागतं. दिल्लीला फोन करायचा तर हिंदीत किंवा इंग्रजीत बोलावं लागतं, रुग्णाचं वजन, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळं हाताशी लागतं. आणि मुख्य म्हणजे आपल्याला माहीत नाही हे वॉर्डात सगळ्यांसमोर मोठ्याने बोलावं लागतं.

समीक्षांनी तो नंबर जाड पेनाने कागदावर लिहून वॉर्डाच्या खिडकीशेजारी चिकटवला. खिडकीशेजारी अशासाठी, की रुग्णालयात मोबाइलला रेंज फक्त तिथे येते. फोन गजाला टेकवून स्पीकरवर ठेवायचा आणि जवळ उभं राहून बोलायचं, अशी तिथली रीत आहे.

आता पुन्हा त्या दुपारी.

सुनेचं नाव रत्ना. नवरा प्रेमराज पंपाचा सुटा भाग आणायला धुळ्याला गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. शेतात रत्ना आणि सासू. बाटलीचं बूच घट्ट होतं, हात बुळबुळीत, म्हणून रत्नाने ते दाताने उघडलं. शेतात हे रोज चालतं. बूच निघालं आणि घोटभर औषध घशात गेलं, बाकीचं छातीवर आणि वेणीवर सांडलं. तिने चूळ भरली, पदर पिळला आणि कामाला लागली. फवारणीवाला शेताच्या धुऱ्यावर खोळंबला होता. दुपार होता होता डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, चालता येईना.

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा रत्ना हाकेला ओ देत होती, पण डोळे मिटून. ओठ आणि नखं निळसर करडी झालेली. या कुळाच्या विषाने लाळ गळते, घाम सुटतो, छातीत घरघर होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते. रत्नाच्या बाहुल्या नेहमीसारख्या होत्या. तोंड कोरडं. छाती स्वच्छ. नाडी जोरात पळत होती. हे सगळं समीक्षांनी पाहिलं, केसपेपरवर लिहिलंही. पण समोर टेबलावर बाटली होती, लेबल शाबूत होतं, आणि त्याच आठवड्यात तसल्याच बाटलीचे दोन रुग्ण येऊन गेले होते. अ‍ॅट्रोपिनचा पहिला डोस गेला. कपडे बदलले, अंग पुसलं, नाकाशी ऑक्सिजन लावला.

बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा पंच्याऐंशी होता. ऑक्सिजन वाढवला. आकडा पंच्याऐंशीच. मास्क बदलला, नळी तपासली, सिलिंडर बदलला. पंच्याऐंशी. नाडी मात्र अ‍ॅट्रोपिनने आणखी पळायला लागली.

सुनंदाबाई या वॉर्डात वीस वर्षं आहेत. त्या रत्नाची वेणी बाजूला करता करता म्हणाल्या की बाईच्या अंगाला नेहमीचा लसणासारखा वास नाही, हा बुटाच्या पॉलिशचा वाटतो. समीक्षांनी बाटलीचं तोंड हुंगलं. तोच वास. दुसरा डोस भरलेला होता. तो त्यांनी ट्रेमध्ये ठेवला आणि त्या खिडकीशी गेल्या.

दिल्लीला पलीकडे एक डॉक्टरीणबाई होत्या. समीक्षांनी आधी बाटलीवरचं नाव सांगितलं, मग त्यातलं रसायन. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि हिंदीत म्हणाल्या, "बाटली थोडा वेळ बाजूला ठेवा. रुग्णाकडे बघून सांगा." मग एकेक विचारत गेल्या. बाहुल्या? लाळ? घाम? ओठांचा रंग? ऑक्सिजन लावल्यावर आकडा किती हलला? समीक्षांनी जे आधीच लिहून ठेवलं होतं तेच त्या आता मोठ्याने वाचत होत्या आणि वाचताना प्रत्येक उत्तर लेबलाच्या विरुद्ध जात होतं. वॉर्डातले इतर रुग्ण, त्यांचे नातेवाईक, दारातला शिपाई, सगळे ऐकत होते.

बाईंनी एक साधी गोष्ट करायला सांगितली. पांढऱ्या गॉजवर रत्नाच्या रक्ताचा एक थेंब घ्या आणि शेजारी निरोगी माणसाचा.

सुनंदाबाईंनी स्वतःचं बोट पुढे केलं. "माझं घ्या. माझ्यात रक्तच नाही असं तुम्ही दर वेळी म्हणता, ते तरी कळेल."

त्यांचा थेंब लाल पसरला. रत्नाचा थेंब काकवीसारखा, तपकिरी. हवेत धरला, हलवला, तरी तपकिरीच.

याचा अर्थ समीक्षांना पुस्तकातून ठाऊक होता, डोळ्यांनी त्या पहिल्यांदा पाहत होत्या. काही रसायनं रक्तातल्या लाल भागाचं असं काही करतात की तो ऑक्सिजन पोचवायचं थांबवतो. मग नाकाशी कितीही ऑक्सिजन लावा, माणूस आतून गुदमरतच राहतो. त्याला उतारा आहे, मेथिलीन ब्लू नावाचं निळं इंजेक्शन. पण दिल्लीच्या बाईंना आणखी एक गोष्ट हवी होती. लेबलावरच्या औषधाने असं होत नाही. म्हणजे बाटलीत दुसरं काहीतरी आहे. ते एकटं आहे, की लेबलावरचंही थोडं त्यात आहे? दोन्ही असतील तर अ‍ॅट्रोपिन थांबवता येणार नाही. एकच असेल तर ते देत राहणं रत्नाच्या हृदयाला झेपणार नाही. आणि ते दुसरं काय आहे त्यावर पुढचे दोन-तीन दिवस अवलंबून आहेत. "बाटली कुणी भरली, ते शोधा," बाई म्हणाल्या. "मी फोनवर आहे."

समीक्षा ताईबाईंकडे वळल्या. बाटली नवी आणली होती का? ताईबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. नवी कशी असेल? शेजारच्या शेतातल्या झुलाल आबांनी मोठा डबा आणला, अर्धं त्यांनी ठेवलं, अर्धं यांना दिलं; नेमकं कसलं औषध, ते आबांनाच ठाऊक. पुढच्या वेळी हे आणतील, अर्धं त्यांना देतील. गावात बहुतेक जण असंच करतात, कारण मोठा डबा स्वस्त पडतो आणि दोन एकरांना अख्खा लागत नाही. घेताना घरातली रिकामी बाटली घेऊन जायची. बाटली कशाची होती, याचा कोण विचार करतो?

ताईबाईंनी काही लपवलं नव्हतं. बाटली आणा असं सांगितलं होतं, त्यांनी ती आणली. त्यात काय ओतलं ते सांगा, असं त्यांना कुणीही कधी सांगितलं नव्हतं.

समीक्षांनी खिडकीशीच दुसरा मोबाइल स्पीकरवर ठेवून झुलाल आबांना फोन लावला. रुग्णालयातून बोलतेय म्हटल्यावर ते सावध झाले. विषबाधेचा रुग्ण म्हणजे पोलिसांना कळवणं आलं, जबाब आला, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. आबा म्हणाले, त्यांनी कुणाला काही दिलेलं नाही. ताईबाईंनी मध्येच सांगितलं की काल संध्याकाळी ओट्यावर बसून तुम्हीच ओतून दिलं. आबा म्हणाले, म्हातारीला आठवत नसेल. खाटेवर रत्नाचं ओ देणं आता थांबलं होतं.

समीक्षा अहिराणीत बोलू लागल्या. पोलिसांना कळवणं माझं काम आहे, ते मला करावंच लागेल, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण हा अपघात आहे, आणि तो अपघात आहे हे लिहिणारीही मीच आहे.

मग आबा चिडून म्हणाले, "मी कोनलेच जहर नही दिधं. मन्हं नाव काबरं घेतस?"

"जहर नही दिधं, मग काय दिधं, आबा?"

"टॉनिक दिधं. फुलेसनं. त्यामा काय जहर ऱ्हास?"

आपण निर्दोष आहोत हे पटवण्यासाठी आबांनी ते सांगितलं, आणि त्यांच्या मनात ते खरंही होतं. अळी मारतं ते जहर. फुलं वाढवतं ते टॉनिक. टॉनिकने माणसाला काही होतं असं ना दुकानदार सांगतो, ना गावात कुणी ऐकलेलं असतं. समीक्षांनी त्यांना मूळ डबा आणून वाचायला सांगितलं. आबा चौथीपर्यंत शिकलेले. डब्यासोबतच्या घडीपत्रिकेतलं मराठी त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं, "नाय... ट्रो... बेन... झीन. वीस टक्के." खिडकीच्या गजावर दुसऱ्या फोनवर दिल्लीच्या बाई ऐकत होत्या. मराठी त्यांना येत नसावं, पण हा शब्द त्यांना कळला. त्या लगेच म्हणाल्या, हो, हेच.

"बाटली धोयेल व्हती का, आबा?"

"तीन येळ धोई. बोअरना पानीघाई. मी काय येडा शे का?"

म्हणजे लेबलावरचं औषध बाटलीत उरलेलं नव्हतं. अ‍ॅट्रोपिन थांबलं. दिल्लीच्या बाईंनी पुढचा प्रश्न विचारला: अंग पुसलं, कपडे बदलले, पण केस धुतले का? हे रसायन कातडीतूनही आत जातं. केस कुणी धुतले नव्हते. रत्नाची लांब, जाड वेणी औषधाने ओली होती आणि ती मानेखाली दबून होती. सुनंदाबाईंनी तिचं डोकं खाटेच्या कडेला घेतलं, खाली बादली ठेवली आणि साबणाने केस धुवायला घेतले. ताईबाई तांब्याने पाणी ओतत होत्या.

आता प्रश्न इंजेक्शनचा होता. रुग्णालयात ते नव्हतं. शिपायाने सांगितलं की प्रयोगशाळेत निळं औषध आहे, त्याच नावाचं, काचेवर रंगवायचं. दिल्लीच्या बाईंनी ते स्पष्ट नाकारलं. ते तपासणीच्या काचेसाठी असतं, शिरेत द्यायचं नाही. मोठ्या शस्त्रक्रियागृहात विचारा, त्या म्हणाल्या, सर्जन लोक ते वापरतात.

समीक्षांनी धुळ्याला डॉ. गिरासे यांना फोन केला. धनसिंग गिरासे हे त्यांचे शिक्षक, आता स्वतःचं रुग्णालय चालवतात. विषबाधेच्या रुग्णांत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समीक्षा, असं रक्त मी आयुष्यात चारदा पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कळलं नव्हतं. इंजेक्शन आहे. आणायचं कसं ते बोल." रुग्णालयाची गाडी बाळंतपणाचा अवघड रुग्ण घेऊन जळगावला गेली होती, दुसरी गाडी यायला वेळ लागणार होता. शुद्ध हरपत चाललेल्या रत्नाला उताऱ्याशिवाय जीपमध्ये घालून महामार्गावर पाठवणं सरांनाही पटलं नाही.

मग समीक्षांनी वडिलांना फोन केला. निवृत्त होऊन चिंधा बैसाणेंना बरीच वर्षं झाली, तरी धुळ्याच्या स्टँडवर निम्मे ड्रायव्हर त्यांना ओळखतात. खान्देशात तातडीचं पाकीट जायचं ते ड्रायव्हरच्या हाती, अजूनही. सरांचं रुग्णालय स्टँडपासून जवळ. ऐकल्याबरोबर चिंधा बैसाणेंनी विचारायला सुरुवात केली. त्याला बर्फ लागतो का? उन्हाने बिघडतं का? काचेचं आहे का? किती नग? कोणत्या फाट्यावर उतरवायचं, आणि घ्यायला कोण उभं राहणार, त्याच्या अंगावर काय आहे? एकेकाळी या सगळ्याने समीक्षा चिडल्या असत्या. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं.

जळगावकडे जाणारी बस सुटायच्या बेतात होती. ड्रायव्हरने पाकीट आपल्या सीटशेजारी, नजरेसमोर ठेवलं. फाट्यावर पांढऱ्या सदऱ्यातला शिपाई दुचाकी घेऊन थांबला होता.

तोवर वॉर्डात करण्यासारखं फार नव्हतं. दिल्लीच्या बाईंच्या सांगण्यावरून समीक्षांनी ताईबाईंना एक गोष्ट विचारली: हिवतापाच्या गोळ्यांनी रत्नाला कधी कावीळ, काळी लघवी असं झालं होतं का? काही माणसांच्या रक्ताला हे निळं औषध चालत नाही. असं कधी झालं नव्हतं. ताईबाई पायाशी बसून रत्नाच्या तळपायाला हात घासत होत्या. झुलाल आबांचा एकदा उलटा फोन आला. टॉनिकच होतं, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. मग पोरगी कशी आहे, हे विचारलं.

इंजेक्शन आलं. वजनाच्या हिशेबाने मोजून, शिरेत, सावकाश दिलं. दिल्लीच्या बाईंनी आधीच बजावलं होतं की यंत्रावरचा आकडा आधी खाली जाईल, तो रंगाचा खेळ असतो, त्याकडे बघू नका, ओठांकडे बघा. आकडा खाली गेला. सत्तर. पासष्ट. ताईबाईंना आकडे वाचता येत नव्हते, पण सगळे आकड्याकडे बघताहेत हे त्यांना दिसत होतं. समीक्षांनी यंत्र बोटावरून काढून खिशात टाकलं.

ओठ आधी बदलले. करड्याचे फिके झाले, मग गुलाबी. नवा थेंब गॉजवर घेतला, तो लाल होता. थोड्या वेळाने रत्नाने डोळे उघडले आणि केस ओले का, असं विचारलं.

संध्याकाळी गाडी आल्यावर तिला धुळ्याला गिरासे सरांकडे हलवलं. हेही फोनवर ठरलं होतं. नायट्रोबेन्झीन अंगातल्या चरबीत साठून राहतं आणि हळूहळू पुन्हा रक्तात उतरतं, म्हणून बरी दिसली तरी घरी सोडायची नाही, आणि दुसरा डोस हाताशी ठेवायचा. ते तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता रत्नाचे ओठ पुन्हा करडे पडू लागले. डोस तयार होता. त्यानंतर तसं झालं नाही. बाटलीतल्या औषधाचं नाव कळलं नसतं तर ती त्या सकाळी कुठे असती, यावर गिरासे सर बोलत नाहीत. ते इतकंच म्हणतात की दाखल करून घेण्याचं कारण केसपेपरवर लिहिलेलं होतं.

त्या दिवसांतली ताईबाईंची तक्रार एकच. निळं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. भांडं बघून त्या धुळ्याच्या वॉर्डातून थेट समीक्षांनाच फोन लावून म्हणाल्या, "आधी पोरगी निळी व्हती, आते तिनं मूत निळं. तुम्ही डॉक्टर शेतस का रंगारी?"

पोलिसांनी जबाब घेतले. अपघात म्हणून नोंद झाली. झुलाल आबांना एकदा चौकीवर जावं लागलं. तिथेही त्यांनी टॉनिकचंच सांगितलं.

पुढच्या आशांच्या बैठकीत समीक्षांनी गॉजचा तो तुकडा दाखवला, दोन थेंबांचा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. आता दोन्ही थेंब वाळून सारखेच तपकिरी दिसत होते, त्यामुळे फारसं कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी जे घडलं ते सरळ सांगितलं. बाटली आली होती. ती आणणारी बाई चुकली नव्हती. मी लेबल वाचलं, रुग्णाला वाचलं नाही. सोनगीरहून सून म्हणून आलेली एक तरुण आशा म्हणाली की मग बाटली आणायचीच नाही का? समीक्षा म्हणाल्या, आणायचीच. पण आणताना विचारायचं, ही कुणी भरली, आणि त्याने कशातून भरली. आणि टॉनिक म्हटलं तरी आणायची.

गावात अर्धं-अर्धं वाटून घेणं थांबलेलं नाही. थांबेल असं समीक्षांना वाटतही नाही. वॉर्डाच्या खिडकीशेजारी आता नंबराखाली त्यांच्या हाताने लिहिलेली एक ओळ आहे: फोन करण्याआधी रुग्णाकडे बघा. नवीन आलेले तरुण डॉक्टर ती ओळ वाचतात आणि नंबर लावायला लाजतात. समीक्षा त्यांना लाजू देत नाहीत. स्वतः लावून फोन त्यांच्या हातात देतात.

दिवाळीनंतर झुलाल आबा रक्तदाब दाखवायला रुग्णालयात आले. रांगेत बसले, नंबर आल्यावर टेबलासमोर आले. हातात एक मळकी प्लास्टिकची बाटली होती, लेबल कधीचं निघून गेलेलं. समीक्षांची नजर तिच्याकडे गेली. त्या काही विचारणार तोच आबांनी बाटली टेबलावर ठेवली.

"ह्यामा पानी शे," ते म्हणाले. "पेवानं. घरनं. मीच भरं."